अठरा महिन्यांची साक्ष

भामरागड, एटापल्लीकडच्या माडिया गावांत पाळीच्या दिवसांत बाईने राहायची वेगळी झोपडी असते, कुर्माघर. रक्त म्हणजे विटाळ, ही समजूत तिथे कुडाच्या भिंती घालून उभी दिसते. शहरात भिंत नसते, इतकंच. बाळाच्या रक्तात आजार निघाला, की दोन्हीकडे बोट आईकडेच वळतं: तिचंच काही पाप असणार.

गडचिरोली-चंद्रपुरात हा दोष कुणाचा, हा प्रश्न पुस्तकी नाही. इथल्या कितीतरी आदिवासी आणि दलित कुटुंबांत सिकलसेल आहे, आणि त्यातल्या काहींना पुनःपुन्हा रक्त चढवावं लागतं. रक्तातून पसरणारा हेपटायटिस सीचा विषाणू 1989 साली ओळखला गेला. भारतातल्या रक्तपेढ्यांत त्याची तपासणी सक्तीची व्हायला 2001 उजाडलं. त्याआधीच्या एखाद्या पिशवीतून किंवा अस्वच्छ सुईतून तो एका मुलीच्या अंगात आला, वर्षानुवर्षं गप्प बसला, आणि पुढे ती आई झाली, तर तिचं काय चुकलं?

कर्माचा दाखला देणाऱ्यांनी तो पुरता द्यावा. ज्याचं कर्म त्यालाच फळ, हा त्या सिद्धान्ताचा गाभा. मग आईचं पाप बाळाच्या खात्यावर मांडताच येत नाही. फळ बाळाच्याच पूर्वजन्माचं म्हणावं, तर ज्याने अजून डोळे उघडले नाहीत त्याला दोषी ठरवावं लागतं. तसं म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही, म्हणून आई सापडते.

आणि विटाळाचं म्हणाल, तर संत सोयराबाईंनी चौदाव्या शतकातच विचारलं होतं, की देहच विटाळातून घडतो, तर सोवळा कोण?

हेपटायटिस सीचा विषाणू आईकडून शंभरातल्या पाच-सहा बाळांनाच जातो. पण जन्मताच प्रतिपिंडांची चाचणी केली, तर जवळजवळ प्रत्येक बाळाची पॉझिटिव्ह येते. ती प्रतिपिंडं आईची असतात: विषाणूशी झुंजताना तिच्या शरीराने घडवलेली, वारेतून बाळाला दिलेली. दीड वर्षात ती विरतात, म्हणून ही चाचणी अठरा महिन्यांनंतर करायची. ज्या कागदावरून घर तिला दोषी ठरवतं, त्यावर बहुतेक वेळा बाळाचा आजार नसतोच. तिच्या झुंजीची खूण असते.

जुलै 2018मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात हेपटायटिस सीचं औषध मोफत आहे. बहुतेकांना 12 आठवड्यांच्या गोळ्या पुरतात. गरोदरपणात त्या सहसा देत नाहीत, म्हणून तपासणी दिवस राहण्याआधी व्हायला हवी. दूध मात्र तोडायचं नाही. स्तनाग्राला चीर पडून रक्त येत असेल तर तेवढे दिवस थांबायचं, आणि जखम भरली की बाळाला पुन्हा पदराखाली घ्यायचं.