खऱ्या विजेची मागणी

बिहारमधल्या जहानाबाद जिल्ह्यातल्या धरनई गावाने २०१४ साली जो कृतघ्नपणा केला, तो पुष्कळांना अजून पचलेला नाही. तीस वर्षांहून अधिक काळ अंधारात काढलेल्या या गावात त्या जुलैमध्ये ग्रीनपीसने १०० किलोवॅटची सौर मायक्रोग्रिड उभी केली. साडेचारशे घरे, पन्नासेक दुकाने, दोन शाळा, दवाखाना, रस्त्यावरचे साठ दिवे असा तिचा पसारा. पुढच्याच महिन्यात नितीश कुमार गावात आले (तेव्हा ते मुख्यमंत्रिपदावर नव्हते), तर लोक फलक घेऊन उभे: आम्हाला असली बिजली पाहिजे, ही नकली नको. फार वाट पाहावी लागली नाही, सरकारी वीज आली. सौर यंत्रणेकडे मग हळूहळू कोणी फिरकेना. बॅटऱ्या संपल्या आणि काही वर्षांनी त्या जागेत गुरे बांधलेली असतात अशा बातम्या आल्या.

ही गोष्ट दोन तऱ्हांनी सांगितली जाते. एक तऱ्हा म्हणते, बघा, सौरऊर्जा म्हणजे हौस. दुसरी म्हणते, अडाणी लोक, त्यांना हवामानबदलाचे काय कळणार. मला दोन्ही आळशी वाटतात. धरनईच्या लोकांनी अगदी साधा हिशेब केला होता आणि तो बरोबर होता.

१०० किलोवॅटपैकी ३० किलोवॅट शेतीपंपांसाठी. उरले ७०. दुकाने, शाळा, रस्त्यावरचे दिवे सगळे बाजूला ठेवून हे ७० किलोवॅट नुसत्या घरांत वाटले, तरी घरटी दीडशे वॅट पडतात. पुण्यातल्या एखाद्या बेडरूममधला दीड टनाचा एसी ऐन उन्हाळ्यात दीड किलोवॅटच्या आसपास ओढतो. म्हणजे एका अख्ख्या कुटुंबाच्या वाट्याला त्या एसीचा दहावा हिस्सा. तेवढ्यात दोन-तीन एलईडी दिवे, एक पंखा आणि मोबाईल चार्जिंग भागते. पण घरात लाइट आली म्हटल्यावर माणूस टीव्ही आणणार, जमले तर फ्रिजही आणणार. धरनईत ते आले आणि बॅटऱ्यांचा जीव गेला. जपून वापरा, जादा विजेची उपकरणे लावू नका, हे सांगणाऱ्यांच्या स्वतःच्या घरी फ्रिज नसेल असे मला वाटत नाही.

वॅटच्या हिशेबापेक्षा पैशाचा हिशेब जास्त बोलका आहे. मायक्रोग्रिडची वीज सरकारी विजेच्या निदान तिप्पट दराने पडत होती. यात कोणी नफेखोरी करत होते असे नाही. पॅनेल, बॅटऱ्या, तारा, राखण, दुरुस्ती हा सगळा खर्च त्या एका गावावर पडला की युनिटचा दर तेवढा होणारच. आता सरकारी तार बघा. गडचिरोलीतल्या आडगावापर्यंत खांब न्यायचे, डीपी बसवायची, वादळात पडलेली लाइन पुन्हा उभी करायची, याचा खर्च त्या गावाच्या बिलातून कधीच वसूल होत नाही. तो कारखान्यांच्या, दुकानांच्या, शहरी ग्राहकांच्या दरांत आणि राज्याच्या अनुदानात विरून जातो. ग्रिड म्हणजे तारांचे जाळे आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते एक सामाईक खाते आहे. ज्याला तार मिळाली तो त्या खात्यात आला. ज्याला सौर संच मिळाला त्याला एकरकमी वाटणी देऊन वेगळे काढले. धरनईने मागितली ती या खात्यातली जागा. असली-नकलीचा अर्थ मी तरी असाच लावतो.

वेगळे काढल्यावर काय होते ते सातपुड्यातल्या पाड्यांवर बघायला मिळते. ‘सौभाग्य’ योजना सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाली. जिथे तार नेणे परवडणार नाही अशा घरांसाठी तिच्यात दोनशे ते तीनशे वॅटचा संच होता: पॅनेल, बॅटरी, पाच एलईडी दिवे, एक पंखा, एक प्लग आणि पाच वर्षांची देखभाल. कागदावर यात नाव ठेवायला जागा नाही. पॅनेल तर सहज वीस-पंचवीस वर्षे चालते. पण बॅटरी तीन-चार, फार तर पाच वर्षांची सोबती. तिच्यावर एक कंट्रोलर असतो. बॅटरी ठरावीक पातळीच्या खाली उतरली की तो दिवे बंद करतो, लाल ठिपका लावतो. रात्री आठला लाल ठिपका लागतो तेव्हा घरात कोणी आजारी असते, नाहीतर पोराचा पिक्चर अर्ध्यावर असतो. मग घरातला हुशार मुलगा कंट्रोलर बाजूला सारून वायर थेट बॅटरीला जोडतो. दिवा लागतो, त्या रात्रीपुरते सगळे खूश. असे बरेचदा झाले की बॅटरी चार्जच धरत नाही. आणि शिशाला भंगारात चांगला भाव असतो, त्यामुळे आठवडी बाजाराला ती कधी गेली ते कळतही नाही. त्या मुलाला दोष द्यायचा असेल तर द्यावा. पण महावितरणचा ग्राहक मीटरमध्ये काड्या करतो तेव्हाही बिघाड काढायला वायरमन येतो, आज नाही तर चार दिवसांनी येतो. पाड्यावर कोण येणार? संचावर छापलेल्या नंबरला फोन लावायचा तर आधी रेंज शोधत टेकडी चढायची.

याच सातपुड्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात, बिलगाव आहे. उदई नदीच्या धबधब्यावर २००३ साली तिथे १५ किलोवॅटचे छोटे जलविद्युत केंद्र सुरू झाले. केरळच्या पीपल्स स्कूल ऑफ एनर्जीचे अभियंते, नर्मदा बचाओ आंदोलन आणि गावकऱ्यांचे श्रमदान यांतून ते उभे राहिले. धरनईच्या मानाने वीज कितीतरी कमी, पण ती गावाने स्वतः दगड वाहून आणलेली होती. बॅटरीची भानगड नव्हती. पाणी पडते तोवर यंत्र फिरते, आणि यंत्र का थांबले हे ते बसवताना हजर असलेल्यांना कळते. ‘स्वदेस’मधला गावात दिवा लागण्याचा प्रसंग या भागातल्या कामावरून सुचला असे सांगतात. चित्रपट डिसेंबर २००४ चा. त्यानंतर दोन वर्षेही झाली नाहीत आणि २००६ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या फुगवट्याने ते केंद्र बुडवले. त्या धरणाच्या वीजघरांची क्षमता १,४५० मेगावॅट, बिलगावच्या जवळपास लाखभर पट, आणि त्या विजेत २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा. सामाईक खात्याचे मी वर कौतुक केले खरे, पण त्या खात्यात कोणाची जमीन जमा होते आणि कोणाच्या घरी युनिट जातात हे बिलगावाकडे बघितल्यावर विसरता येत नाही.

तार आली म्हणजे सगळे झाले, असेही नाही. गावातली सार्वजनिक ठिकाणे आणि फक्त दहा टक्के घरे जोडली की गाव ‘विद्युतीकृत’, ही व्याख्या आपल्याकडे आहे. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधले लेइसांग जोडले गेले आणि देशातले शेवटचे गाव उजळल्याचे जाहीर झाले ते याच मापाने. खांब आहेत, तारा आहेत, डीपी जळून पडली आहे आणि बदलून मिळत नाही, हा अनुभव मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला नवा नाही. अशा वेळी छपरावरचे स्वतःचे पॅनेल हाच खरा आधार वाटतो.

म्हणून तार की सूर्य हा वादच चुकीच्या ठिकाणी मांडला जातो. बांगलादेशाने २००३ पासून हप्त्यावर चाळीस लाखांहून अधिक घरगुती सौर संच बसवले. जगभर त्याचे नाव झाले. मग तार खेड्यात पोचली आणि अनेकांनी हप्ते भरणे सोडून दिले. कोणीही तेच केले असते. उत्तर प्रदेशच्या २०१६ च्या मिनीग्रिड धोरणात निदान एवढा शहाणपणा आहे की सरकारी लाइन आली तर खासगी मिनीग्रिडने आपली वीज तिला विकावी किंवा यंत्रणाच वीज कंपनीकडे सोपवावी. धरनईला असे दार ठेवले असते तर तिथल्या पॅनेलची वीज त्याच सरकारी तारेत जाऊ शकली असती.

माझी मागणी याच्या एक पाऊल पुढे आहे. दुर्गम पाड्यावरचा सौर संच हा वीज कंपनीचाच भाग मानावा. त्याला ग्राहक क्रमांक द्यावा, शेजारच्या तारेच्या गावाइतकाच दर लावावा, बॅटरी बदलण्याचा खर्च त्याच सामाईक खात्यातून व्हावा आणि पाड्यातल्या दोघा-तिघांना दुरुस्ती शिकवून पगारावर ठेवावे. राजस्थानच्या तिलोनियातल्या बेअरफूट कॉलेजने शाळा न शिकलेल्या बायकांना सौर दुरुस्ती शिकवून दाखवली आहे, तेव्हा माणसे मिळत नाहीत ही सबब चालणार नाही. खर्च वाढेल का? वाढेल. डोंगरात तार नेण्याचाही खर्च होतोच, तो आपल्याला दिसत नाही एवढेच.

महाराष्ट्रात हा प्रश्न आता पाड्यांपुरता उरलेला नाही. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत शेतकरी दहा टक्के भरतो, अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर पाच टक्के, आणि पंप त्याच्या बांधावर येतो. रात्रीच्या लाइटला मोटार चालू करायला अंधारात, साप-विंचवात जाणे टळते. म्हणून लोकांना तो हवा आहे, आणि तो हवासा वाटण्यात काही चूक नाही. देखभालीची हमी पाच वर्षांची आहे. सहाव्या वर्षी मार्चमध्ये, कांदा ऐन भरात असताना कंट्रोलर जळाला, तर शेतकऱ्याने सेक्शन ऑफिसला जायचे की पंप बसवणाऱ्या कंपनीचे दुकान शोधायचे, हे त्याच्या करारात आजच लिहून द्यायला काय हरकत आहे?