जीर्ण वस्तूचे दान

वापरलेली वस्तू दुसऱ्यास देणे धर्मसंमत आहे काय, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. परंतु ज्या घरात लहान मूल सायकलीसाठी हट्ट धरून बसले आहे आणि ज्या घरच्या मिळकतीत नव्या सायकलीची तरतूद नाही, त्या घरात तो प्रश्न मुळीच क्षुल्लक राहत नाही. बुलढाणा जिल्ह्यात, विशेषतः कपाशी आणि सोयाबीनच्या हंगामावर ज्यांचा वर्षाचा जमाखर्च अवलंबून आहे अशा कुटुंबांत, मोठ्या भावंडाची किंवा शेजारच्या घरची सायकल दुरुस्त करून धाकट्यास देण्याचा प्रघात जुना आहे. त्यामागे नड आहे, हे उघड आहे. परंतु नडीपोटी दिलेल्या वस्तूस दानाची प्रतिष्ठा लाभू शकते काय, आणि लाभत असल्यास ती कोणत्या अटीवर, एवढाच विचार मला येथे करावयाचा आहे.

या प्रश्नाचा सर्वांत कठोर निवाडा कठोपनिषदाच्या आरंभीच झालेला आहे. वाजश्रवसाने सर्वस्वदानाचा यज्ञ मांडला, आणि दक्षिणा म्हणून ज्या गाई नेल्या जात होत्या त्या दूध आटलेल्या, वेत संपलेल्या, चारापाणी घेण्याचेही त्राण न उरलेल्या अशा होत्या. हे व्यंग ज्याच्या ध्यानी आले तो नचिकेता वयाने कुमार होता, आणि त्याच्या अंतःकरणात त्या क्षणी श्रद्धेने प्रवेश केला, असे उपनिषत्कार सांगतात. देणाऱ्याने काय दिले आणि काय टाकून दिले, यातला भेद लहान मुलास कळत नाही अशी आपण समजूत करून घेतो. पण त्या प्राचीन ऋषीने हा भेद ओळखण्याचा अधिकार नेमका एका मुलाच्याच ठायी ठेवला, ही गोष्ट प्रत्येक आईबापाने मनावर कोरून ठेवण्यासारखी आहे.

याच्या अगदी उलट भासणारी कथा आमच्याच जिल्ह्यातील शेगावची आहे. २३ फेब्रुवारी १८७८ या दिवशी देविदास पातुरकरांच्या घराबाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरची शिते वेचून खाताना श्रीगजानन महाराज बंकटलाल अग्रवाल आणि दामोदरपंत कुलकर्णी यांच्या दृष्टीस प्रथम पडले, हे वऱ्हाडातल्या घराघरांत ठाऊक आहे. अन्न हे ब्रह्म असल्याने ते उष्टे म्हणून त्याज्य ठरत नाही, ही शिकवण भाविकांनी त्या प्रसंगातून घेतली. मग कोणी असे म्हणेल की, जे एका सत्पुरुषास चालले ते आमच्या लेकरास का चालू नये. एकाने वापरून सोडलेली वस्तू दुसऱ्याने निमूटपणे घेण्यात कमीपणा तो कसला?

या युक्तिवादात एक गफलत आहे. उष्टे अन्न ब्रह्मभावाने ग्रहण करणे ही घेणाऱ्याची थोरवी होती. पत्रावळी बाहेर टाकणाऱ्यांच्या खाती त्यातील पुण्याचा एक कणही जमा होत नाही. शिवाय त्या कथेचा पुढचा भाग आपण विसरता कामा नये: बंकटलाल तो प्रकार पाहून स्वस्थ राहिले नाहीत, त्यांनी आतून ताज्या अन्नाने भरलेले ताट आणवले. म्हणजे ज्याच्या हाती देणे होते त्याने आपले कर्तव्य ओळखले, आणि ज्याच्या हाती घेणे होते त्याने उष्टे व ताजे असा भेदच मानला नाही. नचिकेत्याचा नियम देणाऱ्यासाठी आहे आणि शेगावची शिकवण घेणाऱ्यासाठी आहे. घेणाऱ्याच्या विरक्तीचा आधार घेऊन देणाऱ्याने आपली हयगय झाकणे, हा दोन्ही कथांचा अपमान होय.

तर मग जीर्ण वस्तू देणाऱ्याने करावे तरी काय? याचे उत्तर मला एका सायकलदुरुस्तीच्या दुकानात मिळाले. धाकट्या नातीसाठी घेतलेली जुनी सायकल मी तेथे नेली, तेव्हा तिला रंगाचा एक हात देऊन ती नव्यासारखी करून द्यावी, एवढीच माझी अपेक्षा होती. कारागिराने रंगाचा डबा उघडलाच नाही. त्याने सायकल उलटी करून पुढचे चाक फिरवले. ते ब्रेकच्या रबरास प्रत्येक फेऱ्यात एकाच ठिकाणी घासत होते. रिम वाकली आहे हे ओळखून तो चावीने एका बाजूचे स्पोक ताणीत आणि दुसऱ्या बाजूचे सैल करीत, पाव-पाव फेऱ्याच्या हिशेबाने, चाकाचा आउट काढीत राहिला. चेनीची एक कडी अर्ध्या इंचाची असते, म्हणून २४ कड्या बरोबर १२ इंच भरल्या पाहिजेत. ती लांबी एक अष्टमांश इंचाने वाढलेली दिसताच त्याने चेन बाद ठरवली. हबमधील छर्रे रॉकेलात धुतले, नवे ग्रीस भरले, उन्हाने भेगाळलेले टायर बदलले, आणि वेष्टणाच्या आत गंजलेली ब्रेकची तार ओढून काढून तिच्या जागी नवी घातली. शेवटी त्याने चिमट्याच्या सांध्यावरचा जुना रंग मुद्दाम खरवडून पाहिला, कारण सांध्याला चीर गेलेली असली तर ती रंगाखाली दिसत नाही.

गंजावर चढवलेला रंग आणि वाजश्रवसाच्या गाई यांची जात एकच. दोन्हीकडे देण्याचा देखावा पुरा होतो आणि देण्यातला धोका मात्र घेणाऱ्याच्या माथी जातो. उलट जिची प्रत्येक सांधजोड कोणी तरी डोळ्यांत तेल घालून तपासली आहे, ती सायकल जुनी असूनही जीर्ण राहत नाही. वस्तूचे वय तिच्या कारखान्यातील जन्मतारखेवरून न ठरता तिच्यावर शेवटचा हात कोणाचा व किती काळजीने फिरला, त्यावरून ठरते.

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानास देश, काल आणि पात्र यांची अट घातली आहे, आणि अनादराने, अवज्ञेने दिलेले दान तामस ठरवले आहे. ही अट केवळ यज्ञमंडपापुरती नाही. मूल आणखी दोन वर्षे वाढेल म्हणून त्याला मोठी सायकल देणे यात काटकसर दिसते, पण पात्रविचार दिसत नाही. सीटवर बसल्यावर शिकाऊ मुलाचे दोन्ही पाय जमिनीस टेकले पाहिजेत, आणि त्याच्या इवल्या बोटांना ब्रेकची मूठ पुरेपूर आवळता आली पाहिजे. चुलत्याच्या सायकलीवर कैची मारून शिकलेली आमची पिढी पडत-झडत तरली, म्हणून ते पडणे नातवंडांच्या नशिबी लिहिण्याचा अधिकार आम्हांस प्राप्त होत नाही.

आणखी एक अट मी स्वतःच्या जबाबदारीवर घालू इच्छितो, ती सत्याची. ही सायकल आधी कोणाची होती आणि तिच्यात काय काय बदलले, हे मुलास मोकळेपणाने सांगावे. किंबहुना दुरुस्तीच्या वेळी त्याला शेजारी बसवून पान्हा हाती द्यावा. ज्या मुलाने आपली सायकल उलटी ठेवून तिचे आतडे-कातडे पाहिले आहे, त्याला तिचे जुनेपण लपवावेसे वाटत नाही, आणि जी समबुद्धी शेगावच्या सत्पुरुषाने पत्रावळीपाशी दाखवली तिचा पहिला धडा ते नकळत गिरवते.

दसरा आला म्हणजे आपण घरोघरी सायकली धुऊन त्यांना झेंडूच्या माळा घालतो. ज्यांच्या ओसरीत अथवा गोठ्यात लहानग्याची सायकल वापराविना पडून आहे, त्यांना माझी विनंती आहे की, या वर्षी माळ घालण्याआधी ती दुकानात न्यावी, ब्रेक, चेन आणि चाके नीट करून घ्यावीत, आणि आळीतल्या ज्या मुलाच्या उंचीस ती बेताची असेल त्याच्या हाती द्यावी. सांधाच तुटला असेल तर ती निःसंकोच भंगारात घालावी. पण दुरुस्त न केलेली सायकल कोणाच्याही लेकरास देऊ नये.