एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून

रंगीत दोऱ्यांचं मॅक्रमेचं तोरण पाहिलंय ना? ना सुई, ना माग. नुसती बोटं. दोरी मात्र चांगली चौपट लांब घ्यावी लागते. गाठींतच ती संपते.

मधल्या दोऱ्या ताणून धरायच्या. बाजूच्या दोऱ्यांनी गाठ मारायची. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. सतत एकाच बाजूनं मारली, तर पट्टी पिळत जाते. झुंबराला तो पीळ शोभतो म्हणा! पण पट्टी सपाट हवी, तर एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून.

घरातलं बोलणंही असंच, नाही का? आपलंच रेटलं, की नात्याला पीळ बसतो. गाठ चुकली, तर लगेच कात्री नको. नखानं हळूच सोडवावी.

चहा उकळत असेल ना? आज पहिली गाठ समोरच्याला मारू द्या.