चुकीची कबुली आणि कायद्याचें अभय

आपल्या हातून झालेली चूक मोकळेपणें कबूल करावी, हें नीतिशास्त्राचें जुनेंच सांगणें आहे. परंतु तीच कबुली उद्यां न्यायालयांत आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून वाचली जाणार असेल, तर मनुष्य बोलेल काय? आणि तो बोलावा म्हणून त्याचे शब्द न्यायालयापासून झांकून ठेवणें न्याय्य होईल काय? अमेरिकेंतील रुग्णवाहिकांच्या सेवेंत ह्या प्रश्नास जें रूप आलें आहे, त्याचा येथें थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रुग्णवाहिकेवरील पॅरामेडिक रस्त्याच्या कडेला, प्रसंगीं अंधारांत, श्वास थांबलेल्या रोग्याच्या श्वासनलिकेंत नळी घालतो. ती चुकून अन्ननलिकेंत गेली आणि वेळीं ध्यानांत आली नाहीं, तर प्राणवायु पोटांत जातो व रोगी दगावतो. फ्लॉरिडांतील ऑरलँडो येथें इस्पितळांत पोंचलेल्या अशा १०८ रोग्यांची तपासणी झाली. तिचा वृत्तान्त २००१ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांपैकीं २७ जणांची नळी अस्थानीं होती! त्याच भागांतील दुसरी पाहणी २००५ सालीं प्रसिद्ध झाली. उच्छ्वासांतील कर्बवायूचें सतत मापन जेथें केलें होतें, तेथें न उमगलेली अशी चूक एकही आढळली नाहीं. चुका मोजल्या गेल्या, म्हणूनच उपायाची किंमत कळली.

चुका मोजावयाच्या म्हणजे त्या कोणीं तरी सांगितल्या पाहिजेत. ह्याच हेतूनें वॉशिंग्टन येथील एका संघीय न्यायालयानें १९७० सालीं, डॉक्टरांच्या आपसांतील परीक्षणाच्या बैठकींचीं टिपणें वादीस देण्याचें नाकारिलें. पुढें निरनिराळ्या राज्यांनीं तसे कायदेही केले. परंतु ते बहुधा इस्पितळें व डॉक्टर डोळ्यांपुढें ठेवून रचिलेले. त्यांची छाया रुग्णवाहिकेवर पडते कीं नाहीं, हें राज्याराज्यांत भिन्न आहे. उलटपक्षीं, फ्लॉरिडाच्या मतदारांनीं २००४ सालीं राज्यघटनाच दुरुस्त करून प्रतिकूल वैद्यकीय घटनांचीं दप्तरें पाहण्याचा हक्क रोग्यांस दिला. आणि आम्हां प्राध्यापकमंडळींनींही फार ऐट मिरवूं नये: एका विद्यापीठानें अध्यापकांच्या गुप्त परीक्षणास असेंच अभय मागितलें, तेव्हां अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९९० सालीं तें साफ नाकारिलें.

मग सत्य कोणत्या पक्षाकडे? जिचा पति रुग्णवाहिकेंतच गेला, त्या स्त्रीला आम्हीं असें सांगावें काय कीं, बाई, इतरांचे प्राण वांचावेत म्हणून तुझ्यापासून सत्य लपविणें भाग आहे? असें सांगण्यास आमची जीभ धजत नाहीं. परंतु येथें दोन गोष्टींची गल्लत होते. काय घडलें, ही एक. घडलेल्याविषयीं सहकारी मागाहून काय बोलले, ही दुसरी. नळी कोणीं घातली, केव्हां घातली, ती कोठें आढळली, ह्या गोष्टींवर रोग्याचा व त्याच्या आप्तांचा पूर्ण हक्क आहे. त्यांची नोंद कोणत्याही बैठकीच्या पडद्याआड जातां कामा नये. परंतु “मी घाबरलों, म्हणून पुन्हां पाहिलें नाहीं,” हें वाक्य जो आपल्या सोबत्यांपुढें उच्चारतो, तो पुढच्या रोग्यासाठीं बोलत असतो. तें दंडाच्या भयानें गिळलें गेलें, तर त्या स्त्रीला कांहीं लाभत नाहीं आणि पुढच्याचा मात्र घात होतो.

म्हणून अभय द्यावें, असेंच आमचें मत आहे, आणि तें रुग्णवाहिकेवरील माणसासही द्यावें. कारण तो डॉक्टरापेक्षां अधिक एकाकी स्थितींत निर्णय घेतो. मात्र हें अभय बोलणाऱ्याच्या मालकीचें नव्हे. पुढील रोग्याच्या नांवें ठेवलेली ती ठेव आहे. बैठक झाली, दारें उघडलीं आणि दुसऱ्या दिवशीं रीत तीच राहिली, तर त्या गुप्ततेस संगनमताहून निराळें नांव देतां येणार नाहीं. कायदा दार बंद करूं देईल. आंत काय झालें ह्याचा जबाब पुढच्या रोग्याच्या श्वासानेंच द्यावा लागेल.