एकांताला जाताना घरी काय सांगायचे?



चांगल्या कामासाठी घरी खोटे बोलण्याची वेळ तुमच्यावर कधी आली आहे का? वाईट कामासाठी बोललेले खोटे निदान टोचते तरी. पण आपण शांतता शोधायला निघालो आहोत, कोणाचे काही वाकडे करणार नाही, अशा वेळी बोललेले खोटे फारसे जाणवत नाही. गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुट्टीत मी असेच एक खोटे बोललो. त्यातून उभा राहिलेला प्रश्न आज तुमच्यापुढे ठेवतो: एकांत हवा म्हणून आपल्या माणसांना अंधारात ठेवण्याचा अधिकार आपल्याला मिळतो का?

मी इंदूरला वाणिज्य शाखेत शिकतो आणि फावल्या वेळात भाषांतराची सेवा करतो. लेख मराठीत आणताना 'एकांत' आणि 'एकटेपणा' या दोन शब्दांपाशी मी नेहमी अडखळतो. कोणता कुठे वापरायचा? माझी समजूत अशी होती की, स्वतः निवडला तर एकांत आणि वाट्याला आला तर एकटेपणा. ही समजूत करेरीच्या तळ्याकाठी एका रात्रीत बदलली.

तळ्याकडे

करेरीचे तळे हिमाचल प्रदेशातल्या कांगडा जिल्ह्यात, धौलाधार पर्वतरांगेच्या कुशीत, सुमारे २९०० मीटर उंचीवर आहे. वितळलेल्या बर्फाचे पाणी त्यात उतरते आणि हिवाळ्यात ते गोठते. जवळच्या टेकाडावर शिव-शक्तीचे छोटे मंदिर आहे. खालच्या करेरी गावातून न्युंड ओढ्याच्या सोबतीने पाच-सहा तास चढले की तळे येते.

आम्ही चौघे मित्र जाणार होतो. सुट्टी जवळ आली तसे एकेक करून तिघे गळाले. मी आईला ते सांगितले नाही. "चौघे आहोत, काळजी करू नकोस," असे म्हणून मालवा एक्सप्रेसने पठाणकोट गाठले, तिथून बसने धर्मशाळा आणि मग करेरी.

गावात ज्या घरी मुक्काम केला, तिथल्या दीदींनी सकाळी पराठे बांधून देताना विचारले, "अकेले जा रहे हो?" एकटा आहे म्हटले असते तर त्यांनी कोणाला तरी सोबत धाडले असते, आणि मला सोबत नको होती. मी म्हणालो, "नहीं दीदी, दोस्त पीछे आ रहे हैं." पहिले खोटे सांभाळायला दुसरे लागते, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

दोन तासांनी फोनची रेंज गेली आणि मला सुटल्यासारखे वाटले. पाठीवरच्या सॅकमध्ये तंबू, स्लीपिंग बॅग आणि दोन दिवसांचे खाणे होते. मनात आले, आता मी कोणाचे काही लागत नाही.

धौलाधार कांगड्याच्या खोऱ्यातून भिंतीसारखी एकदम वर उठते. खालची दमट हवा त्या भिंतीवर चढते, थंड होते आणि दुपारनंतर ढग दाटतात. हे मी वाचले होते, तरी गावातून उशिरा निघालो होतो. तळे जवळ आले तेव्हा गारा सुरू झाल्या. अंगातला सुती शर्ट चिंब झाला. ओला सुती कपडा ऊब धरत नाही. उंची हजार मीटरने वाढली की तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरते, हा हिशोब मला पाठ होता. अंगावर तो प्रथमच आला. कसाबसा तंबू उभा केला, पण बोटे इतकी बधिर झाली होती की त्याची चेन लावता येईना.

"घर पे किसको पता है?"

बाहेर कुत्रा भुंकला. पाठोपाठ एका माणसाने आत डोकावून पाहिले. ते गद्दी मेंढपाळ होते. गद्दी लोक उन्हाळ्यात कळप घेऊन धौलाधारच्या खिंडी ओलांडतात, चंबा आणि लाहौलकडच्या कुरणांवर राहतात आणि थंडीआधी खाली उतरतात. हे बाबा मिनकियानी खिंडीतून उतरले होते. त्यांनी मला एका मोठ्या खडकाच्या आडोशाला शेकोटीजवळ बसवले, ओला शर्ट काढायला लावला, घोंगडी दिली आणि बकरीच्या दुधाचा चहा दिला.

"साथ में कौन है?"

"कोई नहीं."

"घर पे किसको पता है?"

मी काहीच बोललो नाही. त्यांनीही पुन्हा विचारले नाही. लाकूड पुढे सारत एवढेच म्हणाले, "मैं भी अकेला हूँ. पर भतीजा नीचे बैठा है. कल शाम तक नहीं पहुँचा, तो वो ऊपर आएगा. उसको रास्ता पता है."

रात्री आभाळ स्वच्छ झाले. समोर काळेभोर पाणी, त्यात चांदण्या. याच क्षणासाठी मी इतक्या लांब आलो होतो. ध्यानाला बसलो, पण मन पुन्हा पुन्हा इंदूरच्या घराकडे धावत होते.

समजा, दुपारी ओढ्यातल्या दगडावरून पाय घसरला असता तर? आईने माझ्या फोनची वाट पाहिली असती. मग मित्रांना फोन केला असता, आणि माझ्यासोबत असलेले मित्र इंदूरच्याच घरात बसलेले आहेत, हे तिला तेव्हा कळले असते. करेरीतल्या दीदींना वाटले असते, मित्र मागून आलेच असतील, सगळे मिळून वर राहिले असतील. मला शोधायला कोणी निघालेच असते, तर उशिरा निघाले असते. माझ्या खोट्याने त्यांची वाटच पुसून टाकली होती. आणि रात्री, गारांत, त्या ओढ्याकाठी जे कोणी आले असते, त्यांच्याही जिवाला धोका होताच.

ताळेबंदाखालची टीप

आमच्या अभ्यासात 'संभाव्य देयता' नावाची गोष्ट आहे. जे देणे आज नाही, पण एखादी घटना घडली तर उद्या अंगावर येऊ शकते, ते ताळेबंदाच्या आकड्यांत धरत नाहीत. मात्र खालच्या टिपांमध्ये ते उघड करावे लागते. ज्यांनी कंपनीत पैसा ठेवला आहे, त्यांना ते माहीत असायला हवे, हा त्यामागचा विचार. परीक्षेत या प्रश्नाचे पूर्ण गुण मला मिळाले होते. पण माझ्या जिवात ज्यांनी वीस-बावीस वर्षे ठेव ठेवली, त्यांच्यापासून मी हीच टीप लपवली.

तुम्ही म्हणाल, "सज्ञान माणसाने उठसूट परवानगी घ्यायची का? आईने नाही म्हटले असते तर?" ही शंका खरी आहे. मीही त्या रात्री तिच्याशी बराच झगडलो. आई नक्की नाही म्हणाली असती, आणि तरीही मी बहुधा गेलो असतो.

पण सांगणे आणि परवानगी मागणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. परवानगी मागितली की निर्णय दुसऱ्याच्या हाती जातो. सांगितले की निर्णय आपलाच राहतो, फक्त त्याची किंमत उघड्यावर येते: आईचा उतरलेला चेहरा, बाबांचा अबोला, "कशाला जातोस?" हा प्रश्न. ते सोसून जायची तयारी नसेल, तर आपल्याला एकांत खरोखर हवा होता की नुसती सुटका हवी होती, हे स्वतःला विचारायला हवे. मला उत्तर आवडले नाही, पण ते सुटका असेच होते.

गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याला एकांतात बसायला सांगितले आहे. पण एकांतात बसलेल्या माणसाकडे घरचे लोक कसे पाहत होते, हे आपण क्वचित विचारतो. तुकाराम महाराज देहूजवळच्या भंडारा डोंगरावर जाऊन बसत, तेव्हा जिजाई भाकरी घेऊन तो डोंगर चढत असत, असे परंपरा सांगते. भामचंद्र डोंगरावर बसलेल्या महाराजांना शोधत धाकटे भाऊ कान्होबा फिरले, अशीही कथा आहे. संतांना मोजण्याची माझी पात्रता नाही. मी फक्त जिजाईंच्या आणि कान्होबांच्या पायांकडे पाहतो. आद्य शंकराचार्यांनीही संन्यासाआधी आईची अनुमती मिळवली आणि तिच्या अखेरच्या वेळी परत येण्याचे वचन दिले, ही कथा तुम्ही ऐकली असेल. इतका मोठा त्याग करायला निघालेला माणूसही आईला न सांगता गेला नाही.

म्हणून आता माझ्या वहीत दोन शब्दांचे अर्थ बदलले आहेत. आपण कुठे आहोत हे आपल्या माणसाला ठाऊक असते, आणि तरी ते माणूस आपल्याला हाक मारत नाही, तो एकांत. तो आपल्याला त्यांनी दिलेला असतो. आपण कुठे आहोत हे कोणालाच ठाऊक नसते, तो एकटेपणा, मग तो आपण कितीही आवडीने निवडलेला असो. त्या रात्री तळ्याकाठी बाबा एकांतात होते. मी एकटा होतो.

खाली उतरल्यावर

सकाळी बाबांचा कळप माझ्या आधी निघाला. मी तंबू आवरला, सगळा कचरा सॅकमध्ये भरला आणि गावात येऊन आधी दीदींची माफी मागितली. त्या हसल्या नाहीत. "हम रात को दो बार बाहर देखकर आए," म्हणाल्या. माझ्या हिशोबात त्या घराचे नावच नव्हते, आणि तिथेही कोणीतरी जागे होते.

मग आईला फोन केला आणि सगळे सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. नंतर म्हणाली, "काळजी तर मी करणारच आहे. निदान ती कुठल्या दिशेला करायची, ते तरी मला कळू देत जा."

वाचकहो, तुम्हालाही एकांत हवासा वाटत असेल. तो डोंगरावरच असतो असे नाही. काहींना तो पहाटे गच्चीवर हवा असतो, काहींना शिबिरात, काहींना एका बंद खोलीत. जरूर जा. पण निघण्याआधी एका माणसाला खरे सांगून जा: मी कुठे आहे, कोणाबरोबर आहे किंवा नाही, आणि केव्हा परतेन. घरी कोणी नसेल तर शेजारी सांगा, पायथ्याच्या गावात सांगा. ते नाही म्हणाले तर त्यांचे ऐकून घ्या, आणि मग ठरवा. परतल्यावर पहिला निरोप त्यांनाच द्या.

पुढच्या सुट्टीत मी पुन्हा करेरीला जाणार आहे, एकटाच. आईला सांगून झाले आहे. ती नाही म्हणाली. आमचे बोलणे अजून चालू आहे.