विकणाऱ्याची किंमत

आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी तरुण आज विक्रीच्या व्यवसायात आहेत. कोणी विम्याचे काम करतो, कोणी औषध कंपनीची बॅग घेऊन दवाखान्यांचे उंबरठे झिजवतो. महिनाअखेरीस त्यांच्यापुढे एक आकडा उभा असतो. त्याला ते ‘टार्गेट’ म्हणतात. तो गाठता यावा म्हणून कंपन्या प्रशिक्षण देतात, आणि एस.टी. स्थानकावरच्या पुस्तकांच्या दुकानात आत्मोन्नतीच्या पुस्तकांची चळत असतेच. त्यांतील बहुतेकांचे सार एकच: माणूस बदलला की जग बदलते, गिऱ्हाईक ‘नको’ म्हणाले, तर उणीव तुझ्यात आहे.

हा उपदेश अगदीच टाकाऊ नाही. या पंथाचा आद्य आचार्य डेल कार्नेगी स्वतः अमेरिकेतील खेड्यापाड्यांतून साबण आणि खारवलेले मांस विकत हिंडला होता. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्याने समोरच्याचे ऐकून घ्या, खोटी स्तुती करू नका, असे बजावले आहे. (त्याच्या अनुयायांनी हे दुसरे वाक्य बहुधा गाळून वाचले.) वेळ पाळणे, नकाराने कडवट न होणे, हे सद्गुणच आहेत.

मात्र ‘उणीव तुझ्यात आहे’ हे वचन कशेडीच्या घाटात नेऊन तपासून पाहावे. पोलादपूर सोडून खेडकडे निघाले की हा घाट लागतो. मुंबई-गोवा महामार्गाची सारी वाहतूक पूर्वी याच वळणांवरून धापा टाकीत जात असे. पुढे डोंगराच्या पोटातून सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा झाला आणि २०२३च्या गणेशोत्सवात त्याची एक बाजू हलक्या वाहनांसाठी खुली झाली. पाऊण तासाची वाट काही मिनिटांवर आली. प्रवाशांची सोय झाली, ती व्हायलाच हवी होती. पण जुन्या वळणावर चहा विकणाऱ्याने उद्यापासून अधिक गोड हसावे, आरशापुढे उभे राहून ‘मी यशस्वी होणारच’ असे दहा वेळा म्हणावे, तरी बोगद्यातून गेलेली मोटार परत येणार आहे काय? त्याच्या रिकाम्या बाकाचे खापर त्याच्याच स्वभावावर फोडणे हा अन्याय आहे. आणि तो स्वतःच स्वतःवर करू लागला, तर त्याहून क्रूर.

यावर कोणी लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण देईल. लोखंडी नांगराने जमिनीला विष चढते, असे शेतकरी म्हणत. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. लक्ष्मणराव हटले नाहीत. उदाहरण खरे आहे, पण त्यातून निघणारा बोध आपण अर्धाच घेतो. तो नांगर खरोखर चांगला होता. निरुपयोगी वस्तूसाठीही एखादा तितक्याच नेटाने दोन वर्षे झगडू शकतो. चिकाटी ही मोलकरीण आहे, ती कोणाच्याही घरी राबते. म्हणून विक्रेत्याने ‘मी कसा विकू?’ या प्रश्नाआधी ‘हे विकावे काय?’ हा प्रश्न विचारायला हवा. प्रशिक्षणाच्या वर्गात त्याला तास नसतो.

माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असे कांटने १७८५ साली लिहिले. त्याच ठिकाणी तो असेही म्हणतो की, हा नियम स्वतःलाही लागू आहे. आकड्यासाठी हसू, आवाज आणि नाती कामाला लावणारा तरुण गिऱ्हाइकाआधी स्वतःलाच हत्यार बनवीत असतो.

नाती म्हटले ते मुद्दाम. नव्या विमा प्रतिनिधीची पहिली यादी बहुधा मामा, मावशी, शेजारी यांचीच असते. पॉलिसी हाती आल्यावर ती परत करण्यासाठी आता तीस दिवसांची मुदत मिळते. घाईने झालेल्या विक्रीची कायद्याने घेतलेली ही दखल म्हणायची. पण भाच्याने दिलेला कागद कोणती मावशी परत करील? ती चष्मा शोधते, मग शोधणे सोडून म्हणते, “तू सांगतोस ना, मग मी कशाला वाचू?” हप्ता तिला झेपणारा नाही, हे त्याला ठाऊक असते. महिना संपायला दोन दिवस उरलेले असतात.