आरशाला किती वेळा विचारायचं?

मार्कंड्याला वैनगंगेकाठच्या देवळांवर कितीतरी मूर्तींची नाकं झिजली आहेत, हात तुटले आहेत. तरी मला आधी दिसते ती अख्खी मूर्ती. बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर असलेल्याला आरशात उलटं दिसतं: इतरांच्या लक्षातही न येणारा 'दोष' आधी, बाकी चेहरा जवळजवळ नाहीच.

म्हणून 'व्यंगातही सौंदर्य असतं' हे मूर्तींपुढे सुचणारं शहाणपण इथे घातक ठरतं. ते व्यंग मान्यच करून टाकतं. मग 'तुझं नाक छान आहे' म्हणावं? ते खरं असलं तरी थोडाच वेळ पुरतं. पुन्हा सेल्फी, पुन्हा तोच प्रश्न.

एन्रिको मोर्सेली या इटालियन डॉक्टरांनी १८९१ मध्ये या आजाराला नाव दिलं. आज तो ओसीडीच्या जवळचा मानतात. सर्जरीने सहसा समाधान होत नाही. सीबीटीत आरसा न तपासता, चेहरा न लपवता लोकांत जायचा सराव असतो. काहींना एसएसआरआय औषधंही लागतात.

मग मित्राने खरं काय बोलावं? मला वाटतं, नाकावर निकाल देऊच नये. नाक वादाचं असेल, त्रास वादाचा नाही. या आजारात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचारही येतात. तेव्हा एवढंच म्हणावं: "तुला खूप त्रास होतोय. १४४१६ वर टेलि-मानसला फोन लावू, मी शेजारी बसतो."